घडलेलं किती, पदरचं किती? ‘खरी’, ‘सत्य’ आणि ‘वास्तववादी’ यांतून विशेषण निवडताना

जुलै उजाडला की दिवाळी अंकांकडे गोष्टी यायला लागतात. त्या पहिल्यांदा वाचून बाजूला काढायचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं. गोष्ट सुरू होण्याआधीच शीर्षकाखाली कंसात एक विशेषण ठाण मांडून बसलेलं असायचं. ‘सत्यकथा’. ‘वास्तववादी कथा’. ‘वास्तविक घटना’. ‘सत्य घटनेवर आधारीत’, तेही दीर्घ ‘री’ काढून. एकाने तर ‘शंभर टक्के खरी वास्तववादी सत्यकथा’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. सगळ्यांना सांगायचं एकच असायचं, की हे मी मनाने रचलेलं नाही. पण या शब्दांचे अर्थ एक नाहीत. काही शब्द गोष्ट कुठून आली ते सांगतात, काही ती कशी सांगितली आहे ते सांगतात, आणि दोन्हींची गल्लत झाली की वाचकाला भलतंच वचन दिलं जातं.

नव्याने लिहिणाऱ्यांना, मुद्रितं तपासणाऱ्यांना, पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर किंवा मालिकेची जाहिरात लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल असं जे मला त्या कामातून कळलं, ते पायरी-पायरीने लिहितो आहे.

पायरी १: विशेषण राहू द्या, आधी पदरचं मोजा

‘पदरचं घालणं’ हा आपल्याकडचा फार कामाचा वाक्प्रचार आहे. कोणी गावची भानगड रंगवून सांगायला लागलं की ऐकणारी विचारते, “यातलं घडलेलं किती आणि तुझ्या पदरचं किती?” विशेषण निवडायच्या आधी हाच प्रश्न स्वतःला विचारायचा.

एक उदाहरण धरू आणि ते शेवटपर्यंत वापरू. समजा, तुमची आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जात होती. रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी, कामावर वाटली जाणारी सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ), पाझर तलावाचा भराव, हजेरी घेणारा मुकादम, हे सगळं तुम्ही तिच्या तोंडून ऐकलं आहे. आता यावर लिहायचं आहे. वाटा चार आहेत.

एक, आजी बोलली ते तिच्याच शब्दांत उतरवून काढायचं. इथे पदरचं जवळपास काही नाही. दोन, आजीचा एखादा प्रसंग घ्यायचा, पण नावं बदलायची, मधले संवाद स्वतः लिहायचे, दोन मुकादमांचा एक करायचा. कणा घडलेल्याचा, मांस पदरचं. तीन, आजी बाजूलाच ठेवायची. कोणी एक काल्पनिक बाई, काल्पनिक गाव, पण काम, भूक, भाषा, मजुरी सगळं त्या काळाला धरून. घटना एकही खरी नाही, आणि तरी सारं खरं वाटावं अशी. चार, गोष्ट लिहायचीच नाही. कागदपत्रं पाहून, माणसांना भेटून दुष्काळावर लेख लिहायचा.

या चारींना वेगवेगळी विशेषणं लागतात. पहिलं ‘कथन’ आहे किंवा ‘हकिगत’. दुसरं ‘सत्य घटनेवर बेतलेलं’. तिसरं ‘वास्तववादी’. चौथं ‘कथेतर’. कंसातल्या विशेषणांची सगळ्यात जास्त गफलत दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत होते, म्हणून पुढचा बराच मजकूर त्यांच्यावरच खर्च होणार आहे.

पायरी २: ‘वास्तव’चं कुटुंब ओळखून घ्या

मूळ शब्द ‘वस्तु’. मनूपासून मानव, रघूपासून राघव, तसा वस्तूपासून वास्तव. जे खरोखर आहे ते. मराठीत हा शब्द नाम म्हणून जास्त वावरतो: ‘हे वास्तव आहे’, ‘वास्तव स्वीकार’. विशेषण म्हणून तो मोजक्या जागी टिकला आहे. शाळेच्या गणितात ‘वास्तव संख्या’ असतात त्या तशा. गंमत म्हणजे त्याच संख्यांना हिंदीत ‘वास्तविक संख्या’ म्हणतात, आणि आपल्या लेखनात घुसलेल्या अर्ध्याअधिक ‘वास्तविक’चं मूळ तिथेच आहे.

कारण मराठीत ‘वास्तविक’ची खरी नोकरी वेगळी आहे. ‘वास्तविक मी कालच येणार होतो.’ हे वाक्य ऐकलं की पुढे ‘पण’ येणार हे कोणीही सांगेल. ‘वास्तविक पाहता’, ‘वास्तविक त्याने पैसे द्यायला हवे होते’, असं ते क्रियाविशेषणासारखं चालतं आणि सहसा कुरकुर घेऊन येतं. विशेषण म्हणून ‘वास्तविक खर्च’, ‘वास्तविक किंमत’ अशा हिशेबी जागी ते शोभतं. ‘वास्तविक कथा’, ‘वास्तविक जीवनातील’ हे मात्र वाचताना दाताखाली खडा यावा तसं लागतं. तिथे ‘खरं आयुष्य’, ‘प्रत्यक्ष आयुष्य’ म्हणा. ‘वास्तविकता’ दिसली की ‘ता’ आणि ‘इक’ दोन्ही काढून टाका, ‘वास्तव’ पुरतं.

आणखी एक नातेवाईक फसवा आहे: ‘अवास्तव’. नियमाने याचा अर्थ ‘वास्तव नसलेलं’ असाच. पण रोजच्या मराठीत अवास्तव मागणी असते, अवास्तव भाडं असतं, अवास्तव अपेक्षा असतात, म्हणजे प्रमाणाबाहेरच्या. परीकथेला ‘अवास्तव कथा’ म्हणाल तर वाचकाला वाटेल गोष्ट फार लांबली आहे. तिथे ‘काल्पनिक’ किंवा ‘अद्भुत’. आणि ‘या कथेत ग्रामीण जीवनाचं वास्तव्य आहे’ असं मी एकदा नव्हे, तीनदा वाचलं आहे. वास्तव्य म्हणजे मुक्काम. ते ‘वस्’, म्हणजे राहणे, या धातूवरून येतं. ग्रामीण जीवन गोष्टीत मुक्कामाला आलं असेल तर प्रश्नच मिटला.

आता मुख्य शब्द. ‘वास्तववादी’ मधला महत्त्वाचा भाग ‘वादी’ आहे. साम्यवादी, गांधीवादी, तसाच वास्तववादी. एका भूमिकेला धरून राहणारा. चित्रकार गुस्ताव कूर्बे याने १८५५ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःच्या चित्रांचं वेगळं प्रदर्शन मांडलं आणि त्यावर ‘वास्तववाद’ अशा अर्थाची पाटी लावली. देवदेवता आणि राजेरजवाडे रंगवण्यापेक्षा दगड फोडणारी माणसं आहेत तशी रंगवायची, ही ती भूमिका. चित्रांतून, कादंबऱ्यांतून हा शब्द जगभर पसरला आणि आपल्याकडे समीक्षेच्या वाटेने आला. म्हणजे जन्मापासूनच हा शब्द रीतीबद्दल बोलतो. तो सांगतो, की लेखक जग जसं दिसतं तसं दाखवायचा प्रयत्न करतो आहे: योगायोगांवर गोष्ट रेटत नाही, पात्रांना देव किंवा दैत्य करत नाही, पोटाचा आणि पैशाचा हिशेब ठेवतो. हे अमुक साली अमुक गावी घडलं, असं तो अजिबात सांगत नाही.

हे पटत नसेल तर हरिभाऊ आपट्यांकडे जा. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून, म्हणजे १८९० पासून, हप्त्याहप्त्याने आली. यमू नावाची बाई स्वतःचं आयुष्य ‘मी’ म्हणून सांगते: लग्न, सासर, वैधव्य. घाट पूर्ण आत्मचरित्राचा. लिहिणारा पुरुष, यमू त्याने कल्पिलेली, आणि तरी त्या काळच्या पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातलं जगणं त्यात इतकं नेमकं उतरलं, की मराठी कादंबरीतला वास्तववाद शिकवताना आजही सुरुवात तिथून होते. ती सत्यकथा नाही. वास्तववादी मात्र शंभर नंबरी आहे. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना हरिभाऊ स्वतः काय म्हणत? ‘आजकालच्या गोष्टी’. मला हे विशेषण ‘वास्तववादी’पेक्षा कितीतरी आवडतं. साधं आहे, आणि खोटं वचन देत नाही.

‘वास्तवदर्शी’ हा शब्द परीक्षणांत जास्त दिसतो. दूरदर्शी, पारदर्शी यांच्या पंगतीतला. ‘वादी’ मध्ये एका संप्रदायाचा वास आहे, तो यात नाही. हे चित्रण खऱ्या जगाचं दर्शन घडवतं, एवढंच तो म्हणतो. त्यामुळे नाटकालाही चालतो, माहितीपटालाही चालतो. दुसऱ्याच्या कलाकृतीबद्दल लिहिताना, ती कुठून आली हे आपल्याला ठाऊक नसेल आणि तिच्या बारकाव्यांचं कौतुक करायचं असेल, तर हा सुरक्षित शब्द. स्वतःच्या गोष्टीला मात्र लावू नये. आपली भाकरी गोड आहे हे आपणच ताटात वाढताना सांगण्यासारखं ते होतं.

‘विदारक वास्तव’, ‘दाहक वास्तव’, ‘भीषण वास्तव’ या जोड्या इतक्या झिजल्या आहेत की वाचकाचा डोळा त्यांवरून घसरतो. दाहक काय होतं ते लिहा. खडी फोडून संध्याकाळी हाताला आलेले फोड पुरेसे दाहक असतात.

पायरी ३: ‘सत्य’ लिहिताय? मग हिशेब द्यावा लागेल

‘सत्य’ हे उगमाचं विशेषण आहे. ते लावलं की वाचकाला विचारायचा हक्क मिळतो: कोणाला घडलं, कधी, तुला कोणी सांगितलं?

मराठीत मात्र या शब्दाची एक मजेदार खोड आहे. ‘सत्यकथा’ नावाचं मासिक मौज प्रकाशनाकडून निघायचं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे नावाजलेले संपादक. नवकथा आणि नवकविता यांचं ते घर होतं, आणि त्यातल्या कथा ललित कथा असत. शब्दशः ‘खरी घडलेली कथा’ छापणं हा त्याचा उद्योग नव्हताच. १९८२ साली ते बंद झालं. त्यामुळे साठीपुढच्या मराठी वाचकाला ‘सत्यकथेतला लेखक’ म्हटलं की दर्जेदार कथाकार आठवतो, आणि हिंदी वाचणाऱ्याला त्याच शब्दाने गुन्हेगारीच्या चटपटीत हकिगती छापणारं मासिक आठवतं. एकच शब्द, आणि दोन टोकांचे वाचक. म्हणून कंसात नुसतं ‘सत्यकथा’ लिहिणं मी टाळायला सांगतो. पूर्ण वाक्य लिहा.

पूर्ण वाक्यासाठी आपल्याकडे चार क्रियापदी शब्द आहेत, आणि त्यांची उतरंड आहे. ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणजे मुख्य घटना, तिचा क्रम आणि शेवट खरा आहे. तपशील भरले असतील, पण पाया हलवलेला नाही. ‘बेतलेली’ हा माझा लाडका शब्द. शिंपी कापड बेततो, म्हणजे कापड आपण दिलेलं, माप आणि काट त्याची. ‘सत्य घटनेवर बेतलेली कथा’ म्हटलं की नेमकं तेच कळतं: कापड घडलेल्याचं, शिवण लेखकाची. काही चिंध्या टेबलाखाली पडल्या असणार हेही कळतं. ‘प्रेरित’ मध्ये घटनेने फक्त धक्का दिला, पुढची वाट लेखकाची. आणि ‘बातमीवरून सुचलेली’ हा सगळ्यात प्रामाणिक, पण जाहिरातवाल्यांना न आवडणारा शब्द. शंका असेल तेव्हा उतरंडीत एक पायरी खाली उतरा. वर चढून कोणाचं भलं झालेलं नाही.

याचा एक जुना आणि महागडा दाखला आहे. मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने १९३२ मध्ये रशियाचा झार आणि त्याच्या दरबारात वजन असलेला साधू रासपुतिन यांच्यावर एक चित्रपट काढला. सुरुवातीलाच पडद्यावर, यातली काही माणसं अजून हयात आहेत आणि बाकीची हिंसेत मेली, अशा आशयाचा मजकूर होता. त्यात एका राजकन्येवर रासपुतिन अत्याचार करतो असं सूचित केलं होतं. रासपुतिनच्या खुनात सामील असलेला प्रिन्स फेलिक्स युसुपॉव्ह आणि त्याची पत्नी इरिना तेव्हा पॅरिसला राहत होते. ती राजकन्या म्हणजे आपणच, असं लोक समजतात, आणि आपण तर त्या माणसाला कधी भेटलोही नाही, असं म्हणत इरिनाने लंडनच्या न्यायालयात दावा लावला. १९३४ मध्ये ज्युरीने तिला पंचवीस हजार पौंड भरपाई दिली. त्यानंतर चित्रपटसृष्टीने धडा घेतला आणि आपल्याला पाठ असलेलं ते वाक्य जगभर रुळलं. मराठी चित्रपटांत आणि मालिकांत ते असं येतं: सर्व पात्रे व घटना काल्पनिक असून कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा.

मग आपल्याकडे काही जण दोन्ही छापतात. वर ‘सत्य घटनेवर आधारित’, खाली ‘सर्व घटना काल्पनिक’. वाचक हसतो. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, पण वाटणी करून द्यावी लागते: ‘घटना खरी, पात्रं आणि गावाचं नाव काल्पनिक.’ एवढं लिहिलं की भांडण मिटतं.

कायद्याचा भागही इथेच सांगून टाकतो, कारण नवख्यांचा ठाम समज असतो की खरं असलं म्हणजे छापायला हरकत नाही. बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तिथला पहिला अपवाद नुसतं ‘खरं असलं की चालेल’ असं म्हणत नाही, ते सार्वजनिक हितासाठी सांगितलेलंही असावं लागतं. मृत माणसाबद्दलचा मजकूरही, त्याच्या कुटुंबीयांना दुखावण्याच्या हेतूने लिहिला असेल, तर यात येऊ शकतो. म्हणजे आजीने सांगितलेला तो पैसे खाणारा मुकादम आज हयात नसला, तरी त्याचं खरं नाव आणि आडनाव लिहिण्याआधी दोनदा विचार करा. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा त्याच संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. तिथे नाव बदलून भागत नाही. गाव, नातं, शाळा यांवरून ओळख पटत असेल तर तेही बदलायचं. ‘सत्य’ हे विशेषण लावलं की असे तपशील वाचक मुद्दाम शोधतो, हे लक्षात ठेवून.

पायरी ४: ‘खरी गोष्ट’ म्हणताना कान उघडे ठेवा

मुलांना सांगताना आपण सहज म्हणतो, ‘ही खरी गोष्ट आहे हं!’ बोलताना सूर मदतीला असतो. कागदावर तो नसतो, आणि मराठीत ‘गोष्ट’ म्हणजे कथाही आणि बाबही. ‘खरी गोष्ट अशी की त्याला यायचंच नव्हतं’ इथे कथेचा संबंध नाही. ‘तुझी गोष्ट खरी आहे’ म्हणजे तुझं म्हणणं बरोबर आहे. त्यामुळे ‘खऱ्या गोष्टी’ असं पुस्तकाचं उपशीर्षक दिलं, तर वाचकाला वाटेल कोणीतरी गौप्यस्फोट करतो आहे.

सुटका सोपी आहे. ‘घडलेली गोष्ट’ म्हणा. ‘खरीखुरी गोष्ट’ म्हणा, त्या ‘खुरी’ने कथेचा अर्थ पक्का होतो आणि थोडा लहान मुलांचा सूरही येतो, जो कधी हवा असतो, कधी नको. मोठ्यांसाठी ‘घडलेली’ हे मराठीतलं सगळ्यात कमी भपकेबाज आणि सगळ्यात स्वच्छ विशेषण आहे.

पायरी ५: शेजारच्या भाषांचे चुलतभाऊ

‘हकीकत’ हिंदी-उर्दूत वास्तवासाठी येतो. मराठीत आला आणि त्याने काम बदललं. आपल्याकडे हकीकत किंवा हकिगत म्हणजे घडलेल्याचं क्रमवार सांगणं. पोलिसांच्या पत्रकात ‘थोडक्यात हकीकत अशी की’ असतं ते हेच. म्हणून ‘जीवनाची हकीकत’ लिहिलं की मराठी वाचकाला तक्रार वाचल्यासारखं होतं. आजीच्या पहिल्या वाटेच्या मजकुराला मात्र ‘दुष्काळाची हकिगत’ हे शीर्षक झकास बसेल.

‘कहाणी’चं उलटं. हिंदीत कहानी म्हणजे कोणतीही कथा. मराठीत कहाणी म्हटलं की कानात आधी श्रावण येतो: आटपाट नगर, गरीब ब्राह्मण, आणि शेवटी साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. अलीकडे ‘संघर्षाची कहाणी’ सर्रास चालते आणि आता ती थांबवणं कोणाच्या हातात नाही. पण ‘सत्य कहाणी’ कंसात टाकण्याआधी दोन शब्द एकमेकांना काय म्हणतात ते ऐका.

‘खबर’ या अरबी शब्दातली अक्षरं उलटसुलट होऊन ‘बखर’ झाली असं मानतात. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला शिवाजी महाराजांची बखर लिहिली, ती घडलेलं सांगण्यासाठीच. तरीही बखरीत पदरचं किती, यावर इतिहासकारांची निम्मी हयात जाते. खरं सांगायचा दावा आणि रंगवून सांगायची हौस ही दोन्ही आपल्याकडे एकाच ताटात जेवत आली आहेत.

पायरी ६: गोष्टच नसेल तर

चौथ्या वाटेला, म्हणजे माहितीपर लेखनाला, इंग्रजीतून ‘नॉनफिक्शन’ आला आणि त्याचं मराठी करताना तारांबळ उडते. यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘गैर-काल्पनिक’ दिसतं. मराठी माणूस ‘यात गैर काय?’ असं विचारतो. आपल्याकडे ‘गैर’ला चुकीचा, अनुचित असा रंग आहे: गैरवापर, गैरसमज, गैरवर्तन. ‘गैर-काल्पनिक पुस्तक’ म्हणजे काहीतरी कल्पनेतला गैरव्यवहार वाटतो. ‘कथेतर’ (कथा अधिक इतर, संधी होऊन ए) किंवा ‘ललितेतर’ हे रुळलेले शब्द वापरा, किंवा सरळ ‘माहितीपर’.

एक अडचण मात्र राहते. मराठीत ‘ललित’ म्हटलं की कथा-कादंबरीही त्यात येते आणि पावसावर, गावावर, आईवर लिहिलेला ‘ललित लेख’ही. दुसरा प्रकार पूर्ण खऱ्या अनुभवातला असतो. त्यामुळे ललित म्हणजे काल्पनिक असं समीकरण मांडू नका. आणि स्वतःच्या आयुष्याबद्दलच्या लेखनाला आपल्याकडे ‘आत्मचरित्र’च्या शेजारी ‘आत्मकथन’ हा शब्द दलित साहित्याने रुळवला. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आठवा: त्यात दगडू आणि दया हे एकाच माणसाचे दोन भाग एकमेकांशी बोलतात. मांडणी रचलेली, जगणं खरं. अशा पुस्तकाला ‘वास्तववादी’ एवढंच म्हणणं अपुरं आहे, कारण त्यामुळे ते कोणाच्या अंगावर घडलं हे पुसलं जातं.

पायरी ७: शुद्धलेखन, झटपट

‘आधारित’, ‘प्रेरित’, ‘कल्पित’ यांत ‘इत’ ऱ्हस्व. ‘वास्तविक’, ‘काल्पनिक’, ‘ऐतिहासिक’ यांत ‘इक’ ऱ्हस्व. ‘वास्तववादी’ सलग, मध्ये रेघ किंवा जागा नको. ‘सत्यकथा’ सलग, ‘सत्य घटना’ तोडून लिहिलं तरी चालतं, पण एकाच पानावर दोन रीती नकोत.

‘सत्य’, ‘वास्तववादी’, ‘काल्पनिक’ ही विशेषणं बदलत नाहीत. ‘खरा’ बदलतो: खरा प्रसंग, खरी घटना, खरं बोलणं, खऱ्या घटनेवर. आणि इथे ‘खऱ्या’ मधला तो आडवा अर्धा र. ‘खर्या’ लिहिलं तर र डोक्यावर चढतो आणि उच्चार ‘आर्या’सारखा होतो. फोनच्या कळफलकावर बहुधा दोन्ही पर्याय वर दिसतात, घाईत चुकीचा उचलू नका. दऱ्या आणि दर्या यांत जेवढा फरक आहे तेवढाच इथे आहे.

पायरी ८: एक मजकूर दुरुस्त करून पाहू

एका लेखिकेने कथेसोबत पाठवलेली ही ओळख, शब्द थोडे बदलून:

‘सदर कथा ही एका वास्तविक सत्य घटनेवर आधारीत वास्तववादी कथा असून खर्या जीवनातील पात्रांच्या माध्यमातून समाजातील विदारक वास्तविकता दर्शविते. रोजगार हमी कायद्याने १९७२ च्या दुष्काळात स्त्रियांना कसे जगविले याची ही सत्य कहाणी.’

पहिल्या वाचनात शुद्धलेखन डोळ्यात भरतं. ते सगळ्यात शेवटी. आधी फोन करून मी पदरचं मोजायला बसलो. घटना कोणाची? आजीची. काय घडलं? मुकादमाने हजेरीतून नाव कापलं आणि आजीने भर कामावर त्याची वही हिसकावली. हे आजीने स्वतः सांगितलं? हो, अनेकदा. गाव खरं? नाही, बदललं. मुकादमाचं नाव? बदललं. वहीनंतर काय झालं? आजीला दुसऱ्या दिवशी परत कामावर घेतलं, पण कथेत तिला काढून टाकतात.

इथे आमचं थोडं वाजलं. शेवट बदलला असेल तर ‘आधारित’ टिकत नाही, असं माझं म्हणणं. भावना तीच आहे, असं तिचं. ‘बेतलेली’वर दोघेही राजी झालो.

दुसरं वाक्य काढावंच लागलं. रोजगार हमी योजनेचं काम १९७२ मध्ये सुरू झालं, पण कायदा १९७७ चा. उगमाचं विशेषण लावलेल्या मजकुरात असा साल चुकला, की वाचक बाकीच्या खऱ्यावरही शंका घेतो. ‘वास्तववादी’ गेला, कारण ते वाचकाने म्हणायचं. ‘वास्तविक’, ‘विदारक वास्तविकता’, ‘कहाणी’, ‘सदर’, ‘च्या माध्यमातून’, सगळी मंडळी एकामागून एक उठून गेली. उरलं ते असं:

‘१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या माझ्या आजीने सांगितलेल्या एका प्रसंगावर बेतलेली कथा. माणसांची आणि गावाची नावं, तसंच कथेचा शेवट, काल्पनिक.’

फोन ठेवता ठेवता मी आणखी एक विचारलं. कथेत आजी आपल्या वाट्याची सुकडी न खाता लेकरांसाठी लुगड्याच्या पदरात बांधून नेते, ते फार सुंदर उतरलं होतं. हेही आजीने सांगितलेलं का?

“नाही,” ती म्हणाली, “ते पदरचंच आहे.”